शिकवणीचे शुल्क आणि दुकानाची खतावणी

रात्रीचे नऊ वाजून गेले आहेत. शहापूरच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानाचे शटर अर्धे खाली आले आहे. गल्ल्यावर बसून दुकानाचे मालक रोजमेळ पुरा करीत आहेत आणि आतल्या बाजूस त्यांची सून मोबाईलच्या पडद्यावर एक घड्याळ उलटे पळताना पाहत आहे. चौदा मिनिटे, अकरा सेकंद. तेवढ्या अवधीत पैसे भरले तर ‘सोशल मीडिया मार्केटिंग’चा साठ हजारांचा अभ्यासक्रम चोवीस हजारांत मिळणार आहे.

“बापूजी, आत्ता नाही भरले तर पुन्हा हा भाव मिळणार नाही म्हणतात.”

“त्यांच्या कोठीत माल किती शिल्लक आहे, बेटा?”

“माल कसला? व्हिडिओ आहेत ते. आपण आपल्या सवडीने पाहायचे.”

“मग ते संपणार कसे?”

सुनेला हसू येते. पण तिची बोटे पडद्यावरून हलत नाहीत. कांदा-लसूण न घालता केलेले तिचे मसाले दोन वर्षांपासून दुकानातल्या एका फळीवर विकले जातात. त्या फळीच्या बाहेर जाण्याची तिची इच्छा खरी आहे, तिच्या मसाल्यांना चव आहे आणि अंगात कष्टाची तयारी आहे. दोन दिवसांपूर्वी नव्याण्णव रुपये भरून तिने एक ऑनलाइन कार्यशाळा पाहिली. तीन तासांच्या त्या कार्यशाळेत शेवटचा एक तास मोठ्या अभ्यासक्रमाच्या वर्णनात गेला.

हे कुटुंब कल्पनेतले आहे. मात्र असा प्रसंग आज शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड, सरळगाव यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत घडू शकतो. लहान व्यापाऱ्याच्या घरातील तरुण मुले आणि सुना हे या अभ्यासक्रमांचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेव्हा हे शुल्क भरावे की न भरावे, या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने किंवा संशयाने देण्यापेक्षा वहीत आकडे मांडून शोधणे बरे. कर्जाचा अर्ज आला की बँकेत एक प्रश्न प्रथम विचारला जातो: हा पैसा परत कशातून येणार? शिकवणीच्या शुल्कालाही तोच प्रश्न लागू आहे.

प्रथम शुल्काचा खरा आकडा पाहू. चोवीस हजारांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४,३२० रुपये. एकूण २८,३२० रुपये झाले. मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटाच्या कर्जाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे एखादा छोटा उद्योग ज्या रकमेवर उभा राहू शकतो असे सरकारने मानले, तिच्या निम्म्याहून अधिक रक्कम केवळ एका अभ्यासक्रमात जाते. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला या ४,३२० रुपयांची वजावट मिळू शकते. परंतु नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला ती मिळत नाही, आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील लहान दुकानदार बहुधा याच दोन वर्गांत मोडतात.

रक्कम एकदम नसेल तर ‘बिनव्याजी हप्ते’ पुढे केले जातात. येथे जरा थांबावे. व्याज शून्य टक्के ही कल्पनाच वास्तवात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात कोठेतरी दडलेलेच असते. शिवाय असा हप्ता पुष्कळदा शिकवणी घेणाऱ्याकडे जात नाही. तो एखाद्या वित्तसंस्थेने दिलेल्या कर्जाचा असतो. शिकवणी दुसऱ्या आठवड्यात सोडली तरी कर्ज सुटत नाही, आणि हप्ता चुकला तर त्याची नोंद कर्जदाराच्या पतइतिहासात होते. पुढे दुकानासाठी खेळते भांडवल मागायला गेल्यावर ती नोंद आडवी येते. डिजिटल कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले, त्यांत विचार बदलण्यासाठी थोडी मुदत ठेवलेली आहे; तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचे व्याज भरून दंडाविना बाहेर पडता येते. मात्र ही मुदत अल्प असते. पहिले दोन व्हिडिओ पाहून होण्याआधीच ती सरते.

आता परतफेडीचा हिशेब. समजा, दोनशे ग्रॅम मसाल्याच्या पुडीची किंमत १२० रुपये आहे. कच्चा माल आणि दळण मिळून ७० रुपये, पाकीट आणि लेबल ८ रुपये. दुकानात विकलेल्या पुडीमागे ४२ रुपये उरतात. नुसते शुल्क भरून निघण्यासाठी अशा ६७५ जादा पुड्या खपल्या पाहिजेत. येथे ‘जादा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जे गिऱ्हाईक एरवीही आले असते त्याची पुडी या खात्यात धरता येणार नाही.

परंतु अभ्यासक्रम शिकवतो ती विक्री दुकानातली नव्हे, दूरची. दूरच्या गिऱ्हाइकाला एकच पुडी पाठवणे परवडत नाही. त्याने तीन घेतल्या असे धरू. विक्री ३६० रुपये, माल आणि पाकीट मिळून खर्च २३४ रुपये, कुरिअर समजा ६० रुपये. उरले ६६. त्यातून ही मागणी मिळवण्यासाठी दिलेल्या जाहिरातीचे ३० रुपये वजा केले तर हातात ३६ रुपये राहतात. २८,३२० रुपयांना ३६ ने भागले की उत्तर ७८७ येते. सातशे सत्त्याऐंशी मागण्या, म्हणजे वर्षभर दररोज दोनांहून अधिक, न चुकता. त्यानंतर नफ्याचा पहिला रुपया दिसेल. यात परत आलेली पार्सले, फुटलेली पाकिटे आणि सुनेचे स्वतःचे श्रम धरलेलेच नाहीत.

याच आकडेमोडीत एक आशेची फटही आहे. तेच गिऱ्हाईक महिन्याने पुन्हा आले तर त्याच्यावर जाहिरातीचे ३० रुपये खर्च होत नाहीत. ३६ चे ६६ होतात. सगळीच विक्री जाहिरातीवाचून झाली असती तर ७८७ ऐवजी ४३० मागण्यांत शुल्क फिटले असते. थोडक्यात, या धंद्यात कमाई आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत. अभ्यासक्रमांच्या जाहिराती मात्र अनुयायी किती वाढले, चित्रफीत किती हजारांनी पाहिली, असे आकडे दाखवतात. ते आकडे खोटे असतीलच असे नाही, पण खतावणीत त्यांना रकाना नाही.

याखेरीज एक अडचण अशी आहे की तिची वाच्यता या शिकवणींतून क्वचितच होते. ‘तुमचा माल देशभर विका’ हे त्यांचे आवडते वाक्य. बापूजींचे दुकान समजा कंपोझिशन योजनेत आहे. दीड कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला या योजनेत उलाढालीच्या एक टक्का कर भरून मोकळे होता येते, हिशेबाची कटकट कमी असते. पण या सवलतीला एक अट आहे: राज्याबाहेर माल विकायचा नाही. सुनेच्या मसाल्याचे बिल दुकानाच्या नावाने फाटत असेल आणि पहिलीच मागणी सुरतेहून आली, तर ती पुरवताच दुकानाची सवलत धोक्यात येते. मसाला तिने स्वतःच्या नावावर विकायचे ठरवले तर? राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात करपात्र माल पाठवायचा म्हटला की ही मर्यादा उपयोगी पडत नाही. उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. मसाला करपात्र आहे. (पापड करमुक्त आहे, त्यामुळे पापडवाल्या भगिनीला हा जाच नाही. करकायद्यात शेजारशेजारच्या दोन बरण्यांचे नशीब असे वेगळे असते.) ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकण्याची मुभा मिळाली, पण तीही राज्याच्या हद्दीतच.

त्याशिवाय पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, वेष्टनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता हे सारे हवे. फळीवरून ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुडी देताना या गोष्टींकडे काणाडोळा झालेला असतो. हैदराबादच्या अनोळखी गिऱ्हाइकाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. चोवीस हजारांतले काही पैसे या कामासाठी एखाद्या करसल्लागाराला दिले तर ते अधिक फळाला येतील, असे येथे नमूद करावेसे वाटते.

मग या शिकवणी सर्वस्वी निरुपयोगी म्हणाव्यात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तर पुष्कळसे गिऱ्हाईक कोठे राहते यावर अवलंबून आहे, आणि शहापूर-मुरबाडचा भूगोल या बाबतीत बोलका आहे. शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर. आसनगावचे स्थानक जवळ, लोकल गाड्या पुढे कसाऱ्यापर्यंत जातात. मुंबईचे पाणी तानसा आणि भातसा येथून जाते आणि सुटीच्या दिवशी मुंबईचे लोक माहुलीच्या पायथ्याशी येतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून रस्त्याने जावे लागते, पण तोच रस्ता पुढे माळशेज घाटाकडे जातो आणि पावसाळ्यात त्याच्यावर मोटारींची रीघ लागते.

या रस्त्यालगत चार खोल्या बांधून कृषी पर्यटन चालवणाऱ्या कुटुंबाचे गिऱ्हाईक ठाण्या-मुंबईत आहे. ते घर पाहण्याआधी घराची छायाचित्रे पाहते. खोलीचे भाडे आधीच ठरलेले, शनिवारी खोली रिकामी राहिली तर ती कमाई कायमची बुडाली, आणि भरली तर खर्च फारसा वाढत नाही. येथे एका मुक्कामामागे हजार-दीड हजार रुपये सुटत असतील तर वीस-तीस जादा मुक्कामांत संपूर्ण शुल्क वसूल होते. गिऱ्हाइकाला माल पाठवायचा नाही, तेच चालून येणार आहे. कुरिअर नाही, परराज्याचा प्रश्न नाही. अशा व्यावसायिकाने छायाचित्र कसे काढावे, आलेल्या विचारणेला किती वेळात उत्तर द्यावे, जाहिरात कोणत्या भागातील लोकांना दाखवावी, हे पैसे देऊन शिकले तर तो खर्च शहाणपणाचा ठरू शकतो. अर्थात त्याआधी नकाशावर आपल्या जागेची खूण बरोबर ठिकाणी आहे ना, हे पाहावे. गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. दूरध्वनी क्रमांक चुकलेला आणि खूण ओढ्यापलीकडे, अशा स्थितीत जाहिरातीवर खर्च करणे म्हणजे पाहुण्यांना बोलावून फाटक बंद ठेवणे.

याउलट मुरबाडच्या पेठेतील कापड किंवा भांड्यांच्या दुकानाचे गिऱ्हाईक टोकावडे, धसई, सरळगाव, म्हसा या बाजूच्या गावांतले. त्यांना दुकान ठाऊक आहे, दुकानदाराला त्यांची घरे ठाऊक आहेत. येथे ओळख कमी पडत नाही. कमी पडते ते हवे त्या वेळी हवा तो माल असणे, उधारीची वसुली आणि कल्याणच्या मोठ्या दुकानांशी भावाची बरोबरी. व्हॉट्सॲप बिझनेस हे विनामूल्य ॲप भारतात २०१८ च्या आरंभी आले; त्यात मालाची यादी छायाचित्रांसह लावता येते, ठरावीक उत्तरे साठवता येतात. लग्नसराईच्या आधी नव्या मालाची छायाचित्रे जुन्या गिऱ्हाइकांना पाठवणे एवढे काम त्यावर होते, आणि ते घरातील बारावीचा मुलगा एका दुपारी शिकवू शकतो.

म्हशाच्या यात्रेचे उदाहरण येथे आठवते. पौष पौर्णिमेला भरणारी ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तेथे घोंगडीवाल्याने दरवर्षी त्याच सुमारास यावे आणि गिऱ्हाइकाने घोंगडी हाताने चाचपून, नाकाशी धरून घ्यावी. गेल्या वर्षीची विटली असेल तर तोंडावर सांगावे. अशा बाजारात व्यापाऱ्याचे नाव त्याच्या मालानेच चालते. मोबाईलवर हे चाचपणे नाही. म्हणून तेथे छायाचित्र, अभिप्राय आणि माल परत घेण्याची हमी यांना इतके महत्त्व आले. जो अभ्यासक्रम या तीन गोष्टी नीट शिकवतो तो काहीतरी देतो. जो फक्त कोणती चित्रफीत जास्त पसरेल एवढेच शिकवतो, त्याचे ज्ञान लवकर शिळे होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या एका ॲपवर माल खपवण्याची कला ज्यांनी पैसे मोजून आत्मसात केली होती, त्यांची विद्या आणि जमवलेले अनुयायी एका रात्रीत गेले. ध्वनिचित्रमुद्रित पाठ आयुष्यभर पाहता येतील, हे आश्वासन म्हणून फारसे मोलाचे नाही. दोन वर्षांनी त्यात दाखवलेले बटण तेथे असेलच असे नाही.

शहापूर तालुक्यातच विक्रीची एक मोठी झेप घडलेली आहे. येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्याचे काम हाती घेतले. आरंभी कच्ची गुळवेल आसपासच्या बाजारात जात असे. केंद्र सरकारच्या वन धन योजनेखाली, ट्रायफेड या संस्थेच्या पाठबळाने शहापूरला केंद्र उभे राहिले आणि २०२१ साली या गटाला डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे जाहीर झाले. किलोला सुमारे ४५ रुपये पडले. इंटरनेटचा उपयोग त्यांनी केलाच नाही असे नव्हे. विक्रीसाठी संकेतस्थळही उभारले. पण मागणी एवढी मोठी झाली ती योग्य गिऱ्हाईक निवडल्यामुळे. गुळवेल टनांनी लागते कोणाला, तर औषधे करणाऱ्यांना. त्यांना लागेल त्या प्रमाणात, लागेल त्या स्थितीत माल पोचवण्याची व्यवस्था गावोगावच्या गोळा करणाऱ्यांना जोडून करता आली आणि त्यामागे एक संस्था खंबीरपणे उभी राहिली. हजारो अनोळखी लोकांच्या नजरेस पडण्यापेक्षा मोजक्या खरेदीदारांचे दार ठोठावणे येथे कामी आले.

मसाल्याच्या सुनेलाही हा विचार लागू पडतो. कांदा-लसूणविरहित मसाला कोणाला हवा असतो? ज्या घरांत तो नित्य लागतो त्यांना, तसेच अशा भोजनशाळांना, धर्मशाळांना आणि समारंभांची जेवणे करणाऱ्या केटरर मंडळींना. शहापूरजवळच मानस मंदिराला येणारे यात्रेकरू आहेत. कल्याण, डोंबिवली, ठाणे येथे हजारो घरे आहेत. हे सारे गिऱ्हाईक राज्यातले आणि लोकलच्या अंतरावरचे आहे. पाच किलो मसाला दर महिन्याला घेणारा एक केटरर मिळाला तर दोनशे ग्रॅमच्या पंचवीस पुड्यांची विक्री एका दूरध्वनीवर होते. भाव थोडा उतरवून द्यावा लागला तरी पाकीट, कुरिअर आणि जाहिरात यांचा खर्च वाचतो.

आता प्रशिक्षणाविषयी थोडे. प्रशिक्षण नको असे कोणीही म्हणणार नाही; फक्त ते कसे असावे याचा एक नमुना बँकिंग क्षेत्राला चांगला परिचित आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या सहकार्याने १९८२ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे येथे ‘रुडसेटी’ ही संस्था सुरू झाली. ग्रामीण तरुणांना बोलावून, राहण्या-जेवण्याची सोय विनामूल्य करून, थोड्या आठवड्यांत एखादा व्यवसाय शिकवायचा, असे तिचे स्वरूप. पण तिचे वैशिष्ट्य प्रशिक्षण संपल्यानंतर सुरू होते. शिकून गेलेल्या तरुणाने धंदा मांडला का, कर्ज मिळाले का, कोठे अडले, याची विचारपूस पुढे दोन वर्षे केली जाते. शिकवणे थोडे आणि सोबत दीर्घ, अशी ही पद्धत. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला ती इतकी पटली की २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत अशी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रे, म्हणजे ‘आरसेटी’, उभी राहिली. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून असेच वर्ग घेत आले आहे.

या केंद्रांत सारे आलबेल आहे असा दावा नाही. समाजमाध्यमांच्या नव्या युक्त्या तेथे खाजगी शिकवणीइतक्या ताज्या मिळतीलच असे नाही. तरीही विकत घेण्याच्या अभ्यासक्रमाला विचारायचा प्रश्न तेथूनच मिळतो: शेवटचा पाठ संपल्यावर माझ्या खात्याकडे, माझ्या जाहिरातीकडे, माझ्या हिशेबाकडे कोण पाहणार आणि किती दिवस? याचे उत्तर ‘आमचा व्हॉट्सॲप गट आहे’ असे आले, तर त्या गटात किती शेकडा लोक आहेत हेही विचारावे. एका जिवंत शिक्षकाने दहा-बारा जणांची तुकडी घेऊन प्रत्येकाचे दुकान उघडून पाहिले, तर अशा शिकवणीचे दहा हजारही महाग नाहीत. त्याच शिक्षकाचे मुख्य उत्पन्न कशातून येते हेही समजून घ्यावे. ज्याने स्वतः कधी मसाला, कापड किंवा खोली विकलेली नाही आणि जो केवळ अभ्यासक्रमच विकत आला आहे, त्याची विद्या अभ्यासक्रम विकण्याची असते. काही ठिकाणी तर शिकून झालेल्यांना तोच अभ्यासक्रम दलालीवर विकायला सांगतात; तेथून सरळ माघारी फिरावे.

कायद्याचे संरक्षणही अगदीच नाही असे नव्हे. उलटे पळणारे ते घड्याळ, ‘फक्त तीन जागा शिल्लक’ अशी खोटी घाई, यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या विक्रीक्लृप्त्यांच्या यादीत घातले आहे. शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. व्यापारासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असे उत्तर समोरून येण्याचा संभव असतो. परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेल्या सेवेला कायद्याने यातून वगळले आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीची जाहिरात, आश्वासने आणि परताव्याच्या अटी यांची चित्रे मोबाईलमध्ये जपून ठेवावीत. नंतर ती पाने बदललेली आढळतात.

शहापूरच्या त्या दुकानात घड्याळाने शून्य गाठले तेव्हा सुनेने पैसे भरलेले नव्हते. तिला थोडे वाईट वाटले हेही खरे. बापूजींनी रोजमेळ मिटला आणि कपाटातून एक कोरी वही काढून तिच्यापुढे ठेवली.

“दिवाळीपासून कोणी कोणी पुडी नेली, आठवते का?”

“थोडेफार. बिलांत काहींची नावे सापडतील.”

“मग लिही. आणि परत कोण आले त्याच्यापुढे खूण कर.”

रात्री साडेदहापर्यंत वहीत एकतीस नावे झाली. नऊ नावांपुढे खूण आली; त्यांतली दोन आसनगावच्या एकाच इमारतीतली निघाली आणि एक डोंबिवलीच्या केटररच्या बहिणीचे. तिचा दूरध्वनी क्रमांक सासूबाईंना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईलवर तीच जाहिरात पुन्हा आली. शुल्क चोवीस हजारच होते आणि घड्याळ पंधरा मिनिटांपासून नव्याने सुरू झाले होते. सुनेने त्याचे छायाचित्र काढून बापूजींना दाखवले, आणि डोंबिवलीला पाठवायच्या नमुन्याच्या चार पुड्यांवर लेबले चिकटवायला बसली.